न खेळलेला गेम दुसऱ्याला देता आला पाहिजे

विकत घेतलेले गेम खेळून होत नाहीत, या तक्रारीवर एकच ठरलेला उपदेश मिळतो: मग घेता कशाला? आहेत ते आधी संपवा. उपदेश करणाऱ्यांत घरचे असतात, ऑफिसातले असतात, आणि हल्ली तर गेमर स्वतःलाच दटावताना दिसतात. कुणी वर्षभर नवा गेम घ्यायचा नाही असा संकल्प सोडतो, कुणी बॅकलॉगची, म्हणजे घेऊन न खेळलेल्या गेमची, एक्सेल शीट बनवतो. (शीटवाल्यांचं मला विशेष कौतुक वाटतं. दिवसभर ऑफिसात रकाने भरायचे आणि घरी येऊन पुन्हा तेच.) या सगळ्यांचा समज असा की दोष खरेदी करणाऱ्याच्या हावरेपणात आहे. मला तसं वाटत नाही. गेम पडून राहतात यात फारसं काही बिघडत नाही. पडून राहिलेला गेम ज्याला हवाय त्याला देता येत नाही, हे खरं बिघडलेलं आहे, आणि ते कुणाच्या संकल्पाने सुधारणारं नाही.

गेम पडून का राहतात ते आधी बघू. कॉम्प्युटरवरचे गेम विकणारं सगळ्यात मोठं दुकान म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम. २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. त्याच वर्षाचा स्टीमने स्वतःच काढलेला गोषवारा सांगतो की सगळे खेळाडू एका रांगेत उभे केले, तर बरोबर मधल्याच्या वाट्याला वर्षभरात चार गेम येतात. आणि लोकांनी खेळण्यात घालवलेल्या एकूण वेळापैकी १५ टक्केच वेळ त्या वर्षी आलेल्या गेमना मिळाला, बाकीचा सगळा आधीच्या वर्षांतल्या गेमवर गेला. म्हणजे जगभरचा साधा खेळाडू वर्षाला चारेक गेम खेळतो, तेही बहुतेक जुने, आणि दुकान रोज पन्नासेक नवे गेम मांडतं. ही तफावत कुणाच्या शिस्तीने भरून निघणार?

त्यात आपण मुंबईत राहतो. चर्चगेट ते विरार हे अंतर ६० किलोमीटर, सीएसएमटी ते कल्याण ५४. गाडीतला वेळ, स्टेशनपर्यंतची रिक्षा, उतरल्यावरची बस किंवा मेट्रो धरली तर वसई-विरार, बदलापूर-टिटवाळ्याकडच्या नोकरदाराचे दिवसाचे चार तास सहज जातात. लोकलमध्ये मोबाइलवर लुडो रंगतो, शब्दकोडी सुटतात, पण पैसे मोजून घेतलेला मोठा गेम तिथे चालत नाही. त्याला टीव्ही किंवा मॉनिटर लागतो, हेडफोन लागतात, आणि घरातल्या एकुलत्या टीव्हीवर मालिका चालू नसावी लागते. मोठ्या कथानकाचा गेम संपायला पन्नासेक तास लागणं ही आता नेहमीची गोष्ट आहे. रोज रात्री जेवण आटोपल्यावर अर्धा तास मिळाला, तोही एकही खाडा न होता, तर असा एक गेम शंभर दिवस पुरतो. गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा आणि घरातली आजारपणं धरली तर वर्षाला दोन झाले तरी खूप.

हा अर्धा तासही सगळ्यांना सारखा मिळत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यातली रोजची सरासरी २८९ मिनिटं निघाली, पुरुषांची ८८. बॅकलॉगवर हळहळणारे आवाज बहुतेक पुरुषांचे का असतात, याचं एक उत्तर या दोन आकड्यांत सापडेल. आपला बॅकलॉग हा फुरसतीचाही पुरावा आहे, हे निदान आम्हा पुरुषांनी तरी विसरू नये.

मग एवढ्या थोड्या वेळात लोक इतके गेम घेतात का? याला मुंबईपुरता तरी एक इतिहास आहे. नव्वदच्या दशकात वाढलेल्या मुलांना गेम मिळायचा तो मोजूनमापून. गल्लीतल्या पार्लरमध्ये एका नाण्याला एक डाव, आणि तो डाव ‘मुस्तफा’च्या पहिल्याच बॉसपाशी, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या तगड्या शत्रूपाशी, संपायचा. (त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आहे हे अनेकांना पुढे इंटरनेट आल्यावर कळलं.) ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा डबा होता, त्यांच्याकडे ‘९९९९ इन १’ असं छापलेली कॅसेट असायची. तिच्यात खरे गेम असायचे जेमतेम मूठभर, तेच नाव बदलून, लेव्हल बदलून पुन्हापुन्हा यादीत यायचे. पुढे लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर पायरेटेड सीड्या आल्या. अस्सल खोका काचेच्या कपाटात दिसायचा, त्याची किंमत विचारायचीही हिंमत व्हायची नाही. २०१५ च्या अखेरीस स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्या, आणि सेलमध्ये एखादा जुना, नावाजलेला गेम घरपोच पिझ्झापेक्षा कमी पैशांत मिळायला लागला. लहानपणी हात न पोहोचलेल्या वस्तू कमवायला लागल्यावर माणूस घेतो. कुणी पेनं घेतो, कुणी बूट. या पिढीने पायरेटेड सीडी सोडून पैसे देऊन गेम घेतले, बनवणाऱ्याला त्याचा वाटा पोहोचवला. त्यांना हावरट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

विकणाऱ्यांनी या ओढीचा पुरेपूर फायदा घेतला, हेही खरंच. स्टीमवर वर्षातून चार मोठे हंगामी सेल लागतात. एपिक या दुसऱ्या गेम कंपनीच्या ऑनलाइन दुकानाने डिसेंबर २०१८ पासून ठरावीक मुदतीत फुकट गेम वाटण्याची रीतच पाडली आहे. मुदतीत ‘घ्या’ म्हणायचं, खेळायचं कधी ते तुमचं तुम्ही बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या मांडणीचे तेरा प्रकार अधिसूचित केले. त्यात खोटी घाई लावणं हा एक आहे. गेमच्या सेलला हा नियम नेमका लागत नाही, कारण सेल खरोखरच संपतो. पण तो दोन-तीन महिन्यांनी परत येतो, आणि सेल संपायला किती वेळ उरला ते दाखवणाऱ्या घड्याळाचे आकडे बघताना ते लक्षात राहत नाही. यात फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही. सणासुदीला कपड्यांचे दुकानदार यापेक्षा वेगळं काही करत नाहीत.

मला जास्त खटकतो तो परताव्याचा नियम. स्टीमवर गेम घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मिळतात. हा नियम २०१५ मध्ये आला आणि त्याचं कौतुकही झालं. ते योग्यच होतं, कारण घेतला त्याच रात्री गेम लावणाऱ्यासाठी हा नियम उत्तम आहे. पण जून-जुलैच्या सेलमध्ये घेतलेला गेम दिवाळीच्या सुट्टीत उघडणाऱ्याचं काय? लॅपटॉपवर तो चालतच नाही, हे तेव्हा कळतं आणि चौदा दिवस कधीच उलटून गेलेले असतात. सेलचा सगळा धंदा उभा आहे तो ‘आत्ता घ्या, मग खेळा’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर, आणि परताव्यातून नेमका तोच वगळला जातो. मुदत पहिल्यांदा गेम सुरू केल्यापासून का मोजत नाहीत? दोन तासांची अट तशीच ठेवा, मग गैरवापराची भीती फारशी उरत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. न वाचलेली पुस्तकं घरोघरी असतात आणि त्याबद्दल कुणाची मान खाली जात नाही. उलट भिंतभर कपाट अभिमानाने दाखवतात. मराठी घरात या सवयीला अप्रतिष्ठा नाही, आणि त्याचं कारण नुसता पुस्तकांचा मान एवढंच नाही. न वाचलेलं पुस्तक फिरतं. भाची घेऊन जाते, घर बदलताना वाचनालयाला दिलं जातं, अगदीच नाही तर रद्दीतून फोर्टच्या फुटपाथवर पोहोचतं आणि तिथून कुठल्यातरी विद्यार्थ्याच्या पिशवीत. घेणाऱ्याने वाचलं नाही म्हणून पुस्तक वाया गेलं असं होत नाही. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, १८९८ पासून चालत आलेल्या संस्थेत, देणगीदाराने स्वतः कधी न उघडलेली किती पुस्तकं पुढे शेकडो हातांतून गेली असतील.

गेमचंही काही वर्षांपूर्वीपर्यंत असंच होतं. सोनीच्या पीएस-५ (प्लेस्टेशन-५) या टीव्हीला जोडायच्या यंत्रावरच्या मोठ्या गेमची नवी डिस्क ४,९९९ रुपयांना आली तेव्हा ती परवडली ती सेकंड हँड बाजारामुळे. दोन मित्रांनी मिळून एक डिस्क घ्यायची, आधी एकाने संपवायची, मग दुसऱ्याने. नंतर लॅमिंग्टन रोडला किंवा हाजी अलीच्या हीरा पन्ना बाजारात जाऊन थोडे पैसे वर टाकून दुसरी घ्यायची. ‘भाऊ, ही घेणार का? एकदम स्क्रॅचलेस आहे,’ एवढ्या भांडवलावर कॉलेजची मुलं वर्षभर खेळायची. ज्याला वेळ नव्हता त्याची डिस्क वेळ असलेल्याकडे आपोआप जायची.

डिजिटल विक्रीत ही वाट बंद झाली. स्टीमच्या करारात स्पष्ट लिहिलंय की गेम विकला जात नाही, वापराचा परवाना दिला जातो. खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, विकता येत नाही, मृत्युपत्राने मुलाला देताही येत नाही. इतर मोठी डिजिटल दुकानंही कमीअधिक फरकाने याच अटींवर चालतात. म्हणजे या शहरात हजारो लोकांच्या खात्यांत पैसे भरलेले, एकदाही न उघडलेले गेम आहेत, आणि त्याच इमारतींत तेच गेम खेळायला मोकळा वेळ असलेली पण पैसे नसलेली मुलं आहेत. मधे फक्त एक कलम उभं आहे.

यावर कुणी म्हणेल, कुटुंबात वाटून घ्यायची सोय आहे की. आहे. सप्टेंबर २०२४ पासून स्टीमवर सहा जणांपर्यंतचं कुटुंब एकमेकांच्या संग्रहातले गेम खेळू शकतं, आणि ही सोय चांगली आहे. पण ती एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे. डोंबिवलीच्या मामाने परळच्या भाच्याला कायमचा एक गेम देऊन टाकावा, इतकी साधी गोष्ट तिच्यात बसत नाही. शिवाय त्यात मालकी हलत नाहीच, खातं बंद झालं की सगळंच बंद.

न्यायालयांनी हा प्रश्न हाताळलाय. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात सांगितलं की कायमच्या परवान्याने विकलेलं सॉफ्टवेअर, डाउनलोड केलेलं असलं तरी, पुन्हा विकता येतं. त्या आधारावर फ्रान्सच्या एका ग्राहक संघटनेने व्हॉल्व्हला कोर्टात खेचलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने स्टीमवरचे गेम पुन्हा विकू दिले पाहिजेत असा निकाल दिला. २०२२ मध्ये अपिलात तो फिरला. गेम म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नव्हे, त्यात चित्रं, संगीत, कथा असं बरंच काही असतं, म्हणून सॉफ्टवेअरचा नियम त्याला लागत नाही, असं ठरलं. कॅलिफोर्नियाने मग निदान एवढं केलं की १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तूपुढे ‘विकत घ्या’ म्हणायचं असेल, तर हा परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्वच्छ सांगावं लागतं.

आपल्या कायद्यात एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. कॉम्प्युटर प्रोग्रॅम भाड्याने देण्याचा हक्क कॉपीराइट कायदा निर्मात्याकडे ठेवतो. पण २०१२ च्या दुरुस्तीने त्यात व्यापारी भाड्याची व्याख्या घातली, आणि नफा न कमावणाऱ्या ग्रंथालयाने किंवा शिक्षणसंस्थेने, कायदेशीररीत्या मिळवलेली प्रत, नफ्याशिवाय उसनी देणं त्या व्याख्येतून बाहेर काढलं. म्हणजे एखाद्या सार्वजनिक वाचनालयाने उद्या पीएस-५ च्या डिस्कचं एक कपाट मांडलं आणि सभासदांना पुस्तकासारख्या त्या घरी नेऊ दिल्या, तर भाड्याच्या या हक्काची आडकाठी त्याला येऊ नये. अमेरिकेत अनेक सार्वजनिक ग्रंथालयं हे वर्षानुवर्षं करत आली आहेत. आपल्याकडे १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो वाचनालयं आहेत आणि तरुण सभासद येत नाहीत म्हणून त्यांच्या बैठकांत काळजी व्यक्त होते. पण संसदेने उघडं ठेवलेलं हे दार कंपन्यांचा करार एका टिचकीसरशी लावून टाकतो. डिस्कच नाही म्हटल्यावर वाचनालय उसनं देणार काय?

विरुद्ध बाजूचा मुद्दा गंभीर आहे, तो झटकून चालणार नाही. सेकंड हँड विक्रीतून गेम बनवणाऱ्याला काही मिळत नाही. डिस्क चरे पडून झिजते, डिजिटल प्रत शंभराव्या हातातही कोरी राहते. ती मोकळेपणाने विकू दिली तर पहिल्या आठवड्यानंतर नवी प्रत कोण घेईल? दोनशे रुपयांचे सेल शक्य होतात तेच मुळात ती प्रत पुन्हा बाजारात येणार नाही या खात्रीवर. पुण्याच्या नॉडिंग हेड्ससारख्या छोट्या चमूने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम काढला. अशा लोकांचं पोट पहिल्या विक्रीवर चालतं, आणि कुणी तो घेऊन न खेळता ठेवला तरी त्यांना पैसे मिळालेलेच असतात. हे सगळं मला मान्य आहे. म्हणून मी खुल्या फेरविक्रीची मागणी करत नाही. मागणी त्याहून कितीतरी लहान आहे: जो गेम एकदाही सुरू केला नाही, तो एकदाच, मोफत, दुसऱ्या खात्याला देता यावा. ज्याला तो मिळाला त्याने पुढे देऊ नये, चालेल. एकदाही सुरू केलेला नाही हे दुकानाला माहीत असतं, खेळलेली मिनिटं ते मोजतच असतं. यात निर्मात्याचं जे थोडं नुकसान होईल, त्याच्या बदल्यात त्याला खराखुरा खेळणारा मिळेल, जो पुढचा गेम कदाचित विकत घेईल.

हे लवकर व्हायला हवं, कारण पडून राहिलेले गेम मरतातही. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ चा. एकट्याने खेळतानाही तो कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेल्यांचाही गेम कायमचा गेला. ज्यांनी खेळून घेतला होता त्यांना निदान आठवण राहिली, ‘कधीतरी खेळू’ म्हणून ठेवलेल्यांच्या हाती पावती. त्यातून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली, आणि जुलै २०२५ पर्यंत तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त युरोपीय नागरिकांच्या सह्या झाल्या.

आपल्याकडे असं काही का घडत नाही? गेमबद्दल आपली सार्वजनिक चर्चा दोनच विषयांभोवती फिरते, मुलांचं व्यसन आणि जुगार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तो पैसे लावून खेळण्याविरुद्ध. त्यानंतर महिनाभरात राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन-गेमिंगसाठी ३,२६८ कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं, ते गुंतवणूक आणि रोजगारासाठी. दोन्हीची गरज होती असं धरू. पण गेम खेळणारा माणूस सरकारला एकदा जुगारी म्हणून दिसला, एकदा भावी कामगार म्हणून. पैसे मोजणारा ग्राहक म्हणून तो दिसलाच नाही. आणि दोष आम्हा खेळणाऱ्यांचाही आहे. भेसळीच्या दुधावर तक्रार करणारा माणूस गेमच्या बाबतीत ‘मीच जास्त घेतले’ म्हणून गप्प बसतो. बॅकलॉगची लाज कंपन्यांच्या चांगलीच पथ्यावर पडते.

ग्राहक चळवळ या शहराला नवी नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून इथे काम करते आहे, वाणसामानापासून घरखरेदीपर्यंत तिने हात घातलाय. डिजिटल खरेदी हा तिचाच विषय आहे. सुरुवात करायला संसदेचं अधिवेशनही लागणार नाही. २०२३ च्या त्या तेरा प्रकारांच्या यादीत चौदावा घाला: परवाना देताना ‘विकत घ्या’ म्हणणं. पैसे भरण्याच्या बटणाशेजारी, मराठीत आणि हिंदीतही, एवढं लिहिलेलं असू द्या की ही वस्तू तुमची होणार नाही, ती कुणाला देता येणार नाही, आणि तिचा सर्व्हर अमुक तारखेपर्यंत चालू ठेवण्याची हमी आहे किंवा नाही. दुसरी गोष्ट वारसाची. बँकेच्या खात्याला नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, डीमॅटला नेमता येतो, सहकारी सोसायटीतल्या फ्लॅटला येतो. वीस वर्षं पैसे घातलेल्या गेमच्या खात्याला तशी सोय द्यायला कंपनीला एक फॉर्म जोडावा लागेल, बाकी काही नाही. न उघडलेला गेम देऊन टाकण्याची सोय या दोन्हींपेक्षा अवघड आहे, कारण तिथे कंपन्या खरा विरोध करतील. म्हणून ती तिसरी.